कपाटामागची भिंत

"आई, पुसू नकोस ना. तेच तर दाखवायचंय त्यांना."

लुपे दारात उभी राहून सांगत होती आणि तालिता स्टुलावर चढून भिंत घासतच होती. एका हातात ब्लीचची बाटली, दुसऱ्या हातात ब्रश, नाकावर जुन्या टी-शर्टचं फडकं बांधलेलं. बेडरूमच्या छताच्या कोपऱ्यातून निघालेली काळी बुरशी खिडकीच्या चौकटीपर्यंत उतरली होती. ब्रश फिरला की तिचा काळा ओघळ तालिताच्या कोपरापर्यंत यायचा.

"उद्या भाऊजी घरात पाय ठेवणार. त्यांना ही अशी भिंत दाखवू?"

"अगं, भिंत बघायलाच बोलावलंय मी."

"तू बोलावलंस. मला विचारून बोलावलंस का?"

लुपेला उत्तर द्यायचं होतं, पण तिला खोकल्याची उबळ आली. सव्वीस वर्षांची धडधाकट पोरगी, बेकरीत पिठाची पोती उचलणारी. पण थंडी सुरू झाली की म्हातारीसारखी खोकायची. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावून पहिला प्रश्न विचारला होता, घर कसं आहे? लुपेने खरं ते सांगितलं. बाई म्हणाल्या, मग मी औषध देऊन काय उपयोग, घरमालकाशी बोला. पंखा, हीटर, जमिनीखालची ओल हे सगळं बघणं त्याचं काम आहे, कायदाच आहे तसा. लुपेने घरी येऊन फोन लावला. तालिताला हे कळलं तेव्हा तिने कपाळावर हात मारून घेतला.

कारण घरमालक म्हणजे कोणी परका गोरा माणूस नव्हता. एनेलिको म्हणजे तालिताच्या नवऱ्याचा चुलतभाऊ, चर्चचा डीकन, घराण्यातला मानकरी. नवरा गेला तेव्हा तालिताने सगळ्या पोरिरुआ शहरात घर शोधलं होतं. एजंट फोनवर गोड बोलायचे, समोर गेलं की तिचं नाव, तिचं काम, तिचे कपडे बघून म्हणायचे, अरेरे, कालच गेलं हो घर. तेव्हा एनेलिकोने चावी आणून दिली. त्याच्या आईचं, सेफिना आजींचं घर. टेकडीच्या सावलीच्या अंगाला लाकडी फळ्यांचं घर. एनेलिको आणि त्याची भावंडं तिथेच वाढली. पुढे त्याने पलीकडच्या नव्या वस्तीत मोठं घर बांधलं, आईला तिकडे नेलं आणि हे रिकामं झालेलं तालिताला दिलं. भाडं ती दर आठवड्याला चोख देत होती. पण तिच्या मनाने ते कधी भाडं नव्हतंच. उपकारांचं ओझं होतं, आणि त्यातलं थोडंथोडं ती फेडत होती.

त्यात तालिताचं काम म्हणजे साफसफाई. वृद्धाश्रमात ती फरशा पुसायची, संडास घासायची, म्हाताऱ्यांच्या चादरी बदलायची. चर्चमध्ये बायका म्हणायच्या, तालिताच्या घरात जमिनीवर सांडलेलं उचलून खावं. तेवढी एक गोष्ट होती बिचारीच्या नावावर. शिक्षण नव्हतं, नवरा राहिला नव्हता, गाडी होती ती मुलीची. स्वच्छ बाई एवढंच काय ते तिचं नाव. अशा बाईच्या घरात बुरशी म्हणजे डोक्यात उवा झाल्यासारखं. कोणाला सांगणार? ती पुसायची. पंधरा दिवसांत परत यायची. परत पुसायची. शेवटी जिथे फार झाली तिथे तिने कपाट सरकवून ठेवलं आणि पाहुणे आले की बेडरूमचं दार लोटून घ्यायला सुरुवात केली.

एनेलिको दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळी आला. धिप्पाड माणूस, कमरेला इस्त्रीची काळी लुंगी, वर कोट. बूट दाराबाहेर काढून आत आला, खुर्चीवर न बसता मान राखून जमिनीवर मांडी घालून बसला. तालिताने नारळाच्या दुधातले पाव आणि चहा समोर ठेवला. त्याने डोळे मिटून प्रार्थना म्हटली, दोन पाव खाल्ले, आईची तब्येत कशी आहे ते सांगितलं. आई आता कोणाला ओळखत नाही, म्हणाला. मग उठून बेडरूममध्ये गेला.

भिंत पांढरीशुभ्र होती. ब्लीचचा वास मात्र असा की डोळ्यांत पाणी यावं.

"कुठाय गं लुपे?" त्याने विचारलं.

"आईने पुसली काल. काका, ते कपाट सरकवून बघा ना."

"त्याच्यामागे काही नाही," तालिता घाईघाईने म्हणाली. "जड आहे ते. जाऊ दे."

"आई!"

"मोठ्यांच्या मध्ये बोलू नकोस."

एनेलिको कपाटाकडे बघत थोडा वेळ उभा राहिला. मग खिडकीची खिट्टी काढून बघितली, परत लावली.

"हिवाळ्यात ओल सगळ्यांच्याच घरात धरते," तो म्हणाला. "खिडक्या उघडत जा. आंघोळ झाली की वाफ बाहेर जाऊ दे. कपडे घरात वाळत घालू नका. आणि पुसत राहायचं."

"बाहेर हाडं गोठतायत काका. खिडक्या उघडून आम्ही काय पांघरायचं?"

"अगं, तरुण आहेस तू. तुला कसली थंडी," असं म्हणून तो हसला आणि तालिताही हसली. लुपे हसली नाही.

तो गेल्यावर लुपेने कपबशा अशा काही आपटल्या की एकीचा कान तुटला.

"कमाल आहे तुझी. खोकते मी, आणि तू त्यांची बाजू घेतेस."

"बाजू कसली? मी खोटं काय बोलले?"

"कपाटामागे काही नाही म्हणालीस."

तालिताने तुटलेला कान उचलून कचऱ्यात टाकला. "लुपे, घर त्यांचं आहे. पण घरातली घाण ही राहणाऱ्याची असते. तुझ्या आईला चार लोकांत घाणेरडी म्हणवून घ्यायचंय का तुला? तर जा, भाडेकरूंच्या लवादाकडे जा, कोर्टात जा, फोटो काढ माझ्या भिंतीचे. मी मग चर्चची पायरी चढणार नाही."

लुपेने उरलेल्या कपबशा धुवायला घेतल्या. आईची लाज ही एक वस्तूच होती त्या घरातली. सोफ्यासारखी, तिला वळसा घालूनच जावं लागायचं.

जुलैत, इकडच्या ऐन हिवाळ्यात, सेफिना आजी गेल्या. दक्षिणेचं वारं सुटलं होतं, पाऊस आडवा येत होता, आणि चर्चच्या बायका फोनवर फोन करत होत्या. कोणी डुकराचं मांस आणायचं, कोणी बिस्किटांचे डबे, कोणी गाणाऱ्यांना चहा. तालिताला कोणी काही सांगितलं नाही. सांगायची गरजच नव्हती. तिने काय न्यायचं ते ठरलेलंच होतं.

गादीखाली तिच्या आईच्या हातची चटई होती. चटई म्हटलं की बसायची वस्तू डोळ्यांसमोर येईल, तशी ती नव्हे. केवड्याच्या पानांचे दोऱ्यासारखे बारीक पट्टे काढून, गावाकडे सवाईच्या बेटावर, आईने वर्षानुवर्षं बसून विणलेली. जुन्या शालूसारखी मऊ, काठाला लाल पिसं. अशी चटई लग्नात द्यायची, मयतीत द्यायची, आणि द्यायची म्हणजे चारचौघांत उलगडून द्यायची. त्यावर घराण्याची पत ठरते. एरवी ती गादीखाली सपाट पसरून ठेवतात आणि वर झोपतात. आईने तशीच ठेवली होती, आजीनेही. पण आईच्या घराला भिंतीच नव्हत्या. चारी बाजूंनी समुद्राचा वारा खेळायचा. तालिताने इथे, सावलीतल्या थंडगार खोलीत, तीच रीत पाळली. तिला दुसरी माहीतच नव्हती.

लुपेने गादीचं एक टोक उचललं, तालिताने चादरीत गुंडाळलेली चटई ओढली. चादर सोडली आणि दोघी चटईवर वाकल्या.

मधोमधून काळे ठिपके दोन्ही बाजूंना पसरले होते. काही नखाएवढे, काही तळहाताएवढे. एका कोपऱ्यातली पिसं गळून चिकटली होती. वास तर असा आला की लुपेला लगेच खोकला सुरू झाला.

तालिता जमिनीवर बसली. तिने एक ठिपका बोटाने घासला. बोट काळं झालं, ठिपका तिथेच राहिला. तिने ओल्या फडक्याने घासून बघितलं, व्हिनेगर लावून बघितलं. ब्लीचच्या बाटलीकडे तिचा हात गेला, पण लुपेने बाटली उचलून मागे धरली.

"जळेल आई. आजीची आहे ती."

मग त्यांनी ओव्हनचं दार उघडं टाकून त्याच्यासमोर चटई धरली. दोघींचे हात भरून आले. चटई वाळली, पण डाग गडद झाले.

"नको नेऊस ही," लुपे म्हणाली. "विकत मिळते. बेकरीतली एक बाई विकते. मी आणते."

"सेफिना आजींना विकतची? ज्यांच्या घरात राहतोय त्यांना?"

"त्यांच्या घरामुळेच झालंय हे."

"माझ्या गादीखाली झालंय," तालिता म्हणाली. "मी बघायला हवं होतं. लोकांच्या गाद्या रोज उचलते, स्वतःची उचलली नाही. कुठल्या तोंडाने दुसऱ्याला बोलू?"

तिने चटईची घडी उलटी घातली. डाग आत, चांगली बाजू बाहेर, पिसांचा शाबूत काठ वर. तशी ती दिसायलाही सुरेख दिसली. मोठ्या मयतीत चटयांचा ढीग पडतो. सगळ्या कुठे उलगडत बसतात, तालिताने मनाशी म्हटलं. रांगेत मागे उभं राहायचं, ठेवायची आणि सरकायचं.

चर्चच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. मध्ये शवपेटी, तिच्याभोवती लेसचे पडदे आणि फुलं, एका बाजूला घरची मंडळी. एनेलिको पुढे बसला होता, डोळे सुजलेले. त्याची बायको मासिना उभी राहून येणाऱ्यांच्या चटया घेत होती. तिच्याबरोबर दोन-तीन बायका. एकेक कुटुंब पुढे यायचं, वक्ता त्यांचं नाव आणि गाव घ्यायचा, चटई ठेवली जायची, बायका मोठ्याने आभार पुकारायच्या. तालिताने पाहिलं, बहुतेक चटया घडीसकटच बाजूला जात होत्या. तिच्या जिवात जीव आला.

तिची पाळी आली. वक्त्याने तिच्या नवऱ्याचं नाव घेतलं, तिच्या आईच्या गावाचं नाव घेतलं. तालिता वाकून पुढे गेली, चटई मासिनाच्या हातात दिली आणि मागे वळली.

"थांब तालिता," मासिना म्हणाली. तिने घडीवरून हात फिरवला. "ही तुझ्या आईच्या हातची ना? अहो, ही वीण बघा. अशी आता कोण विणतं? आमच्या सासूबाई नेहमी सांगायच्या या चटईबद्दल. ही अशी नाही ठेवायची. ही उलगडून सगळ्यांना दाखवायची."

"राहू दे वहिनी," तालिता पुटपुटली. "उशीर होतोय लोकांना."

"कसला उशीर? धर गं तिकडून."

मासिनाच्या मनात काही वाईट नव्हतं. ती मान देत होती. दोघींनी दोन टोकं धरली, हात उंच केले, आणि चटई शवपेटीसमोर उघडली.

आभाराची हाक घालणाऱ्या बाईने तोंड उघडलं होतं. अर्धी हाक आली आणि थांबली. हॉलमधल्या दिव्यांच्या उजेडात एकेक काळा डाग मोजून घ्यावा असा दिसत होता. मग वास पसरला. पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीने पदरासारखा ओढलेला रुमाल नाकाला लावला. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, असं तालिताला वाटलं. ती मेल्याहून मेल्यासारखी उभी होती. जमीन दुभंगली तर पोटात घे म्हणावं, पण हॉलची फरशी काँक्रीटची होती आणि ती तिनेच आदल्या दिवशी पुसली होती.

"पावसात भिजली असेल," मासिना पटकन म्हणाली आणि तिने चटई गुंडाळली. पण बोलताना तिने तालिताकडे बघितलं नाही. एनेलिकोनेही बघितलं नाही. तो आपल्या गुडघ्यांकडे बघत होता.

पुढचे सगळे तास तालिता स्वयंपाकघरात भांडी घासत राहिली. कोणी तिला घासायला सांगितलं नव्हतं. बायका येत-जात होत्या. एकीने दुसरीला म्हटलं, आणि पातेल्यांच्या आवाजातही तालिताला ते नीट ऐकू आलं, "दुसऱ्यांची घरं चकाचक करते म्हणे ही."

"हळू बोल की."

"हळूच बोलतेय. नाकाला तर सगळ्यांच्याच लागलंय."

संध्याकाळी आलेल्या माणसांना परतभेट वाटली गेली. कोणाला चटई, कोणाला मांसाचा वाटा, कोणाला डबे. तालिताला मांस मिळालं, डबे मिळाले, आणि काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत एक चटई मिळाली. तिने पिशवीचं तोंड जरासं उघडलं. तिचीच होती.

दिलेली चटई त्याच दिवशी त्याच हातात परत. तालिताच्या आख्ख्या आयुष्यात असं कोणाचं झालेलं तिने ऐकलं नव्हतं. गाडीत बसल्यावर लुपे म्हणाली, "मी उद्या लवादाकडे जाणार. आता तू काही बोलू नकोस." तालिता खरंच काही बोलली नाही. लुपेला वाटलं, आईने हो म्हटलं.

तालिताच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. एनेलिकोने तिला छप्पर दिलं, आणि तिने त्याच्या आईच्या अखेरच्या दिवशी, सगळ्या गावासमोर, त्याला खाली मान घालायला लावली. सेफिना आजींना तिने घाण नेऊन दिली. याला भरपाई काय? पैसे नाहीत, आणि पैशांनी हे धुतलंही जाणार नाही. याला एकच गोष्ट होती.

गावाकडे, बेटावर, कोणाच्या हातून खून पडला, कोणाच्या पोरीला कोणी फसवलं, तर गुन्हेगाराचं घराणं पहाटे उठून दुखावलेल्यांच्या दारात जाऊन बसतं. डोक्यावर चटई पांघरायची, मान खाली घालायची आणि बसून राहायचं. ऊन असो, पाऊस असो. आतल्यांनी येऊन दगड मारले तरी उठायचं नाही. त्यांच्या मनात आलं, त्यांनी येऊन चटई उचलली, की माफी मिळाली. मग आत बोलावतात, जेवू घालतात, आणि विषय कायमचा मिटतो. हे असं घराणीच्या घराणी करतात, पुरुष माणसं करतात, जिवावरच्या गोष्टीसाठी करतात. चटईवरच्या डागासाठी एका विधवेने एकटीने बसावं, हे कोणी ऐकलं नव्हतं. पण तालिताला तेवढं एकच माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे, पहिल्या बसने ती निघाली. लुपे झोपलेली होती. बसमध्ये दोघे-तिघे कामावर जाणारे होते. त्यांना वाटलं असेल, बाई धुणं घेऊन चाललीय. नव्या वस्तीत ती उतरली, चढ चढली. एनेलिकोचं घर पांढरं, काचांचं, उगवतीकडे तोंड करून. गॅरेजसमोर काँक्रीटचा उतार. बारीक पाऊस लागला होता. तालिता उताराच्या मधोमध खाली बसली, पिशवीतून चटई काढली आणि डोक्यावरून ओढून घेतली.

आत अंधार आणि तोच वास. रोज रात्री तिच्या आणि गादीच्या मध्ये असलेला वास. हळूहळू तिला त्याची सवय झाली. पाऊस चटईवर पडला की बारीक सर्र असा आवाज व्हायचा. गुडघ्यांत कळा यायला लागल्या. तिने मनातल्या मनात शब्द जुळवले. भाऊजी, मी चुकले. तुमच्या उपकारांची मी अशी परतफेड केली. माझ्या आळसामुळे, माझ्या घाणीमुळे. शेजारून कोणीतरी कुत्रा घेऊन गेलं; कुत्र्याने जवळ येऊन हुंगलं आणि मालकाने त्याला ओढलं. "तुम्ही बऱ्या आहात ना?" असं इंग्रजीत त्याने विचारलं. तालिता हलली नाही.

मग दार उघडल्याचा आवाज आला.

"अहो," मासिनाचा आवाज. "अहो, बाहेर या. दारात कोण बसलंय बघा. देवा, ही... ही तालिता आहे."

पावलं आली आणि थांबली. तालिताला चटईच्या खालून त्याचे अनवाणी पाय दिसत होते, ओल्या काँक्रीटवर. पाय पुढे येईनात आणि मागेही जाईनात. नाही उचलणार, तिला वाटलं. हकनाक आले. आता उठून जायचं तरी कसं?

मग त्याने वाकून चटईची कड धरली आणि वर केली. साठलेला वास भसकन बाहेर आला. त्याचं तोंड अगदी जवळ होतं. तिने त्याला श्वास घेताना पाहिलं, आणि तो श्वास मध्येच अडकलेला पाहिला.

"भाऊजी," तिने सुरुवात केली. "मी चुकले. तुमच्या उपकारांची..."

"पुरे," तो म्हणाला.

"तुमच्या आईच्या दिवशी माझ्या घाणीने..."

"पुरे म्हटलं ना." त्याचा आवाज चढला नाही, उलट बसला. चटई त्याच्या हातात तशीच होती, अर्धी तिच्या डोक्यावर. "आई शनिवारी पुसायची. दर शनिवारी. आम्हाला सगळ्यांना अंगणात काढायची, थंडी असली तरी. तुमच्या कपाटाच्या मागे आहे ना, तीच भिंत. तिथे तेव्हा आमचं कपाट होतं."

तालिताने डोळ्यांवरचं पावसाचं पाणी पुसलं.

"कोणी यायचं असलं की आदल्या रात्रीसुद्धा पुसायची," तो म्हणाला. "आणि आम्हाला बजावायची, बाहेर बोलायचं नाही. लोक म्हणतील, ही बाई घाणेरडी. मरेपर्यंत तिला तसंच वाटत होतं. मी बाप झालो, घर बांधलं, मला कळलं की ते घरच तसलं आहे, खालून ओल ओढतं. मी तिला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर दुरुस्त करावं लागलं असतं."

"तुम्हाला ठाऊक होतं," तालिता म्हणाली.

"हो."

"मग खिडक्या उघडा म्हणालात ते?"

त्याची नजर ओल्या काँक्रीटकडे गेली. मागे उंबरठ्यावर मासिनाने तोंडावर हात ठेवला होता.

तालिताला वाटलं, आता आपल्याला राग येईल. ती त्याची वाट बघत होती. इतक्या वर्षांचं ब्लीच, सोललेले हात, लुपेचा खोकला, हॉलमधली ती अर्धी हाक. राग आला, पण सावकाश, आणि त्याच्याआधी लाजच आली. या वेळी स्वतःची नाही. समोरच्या धिप्पाड, मानकरी माणसाची, नाइट सूट घालून पावसात उभ्या असलेल्याची. आणि सेफिना आजींची. दोन बायकांनी एकच भिंत आयुष्यभर घासली आणि एकमेकींना सांगितलंही नाही. आजी तिच्याकडे यायच्या तेव्हा बेडरूमचं दार लोटलेलं बघून गप्प बसायच्या.

"ऊठ तालिता," एनेलिको म्हणाला. "चल आत. गारठलीस."

एरवी त्याने एकदा सांगितलं की ती उठली असती. आज तिचे पाय उठेनात. "मी ज्याची माफी मागायला आले, ते माझं नव्हतंच," ती म्हणाली. "मग तुम्ही मला माफ कसं करणार भाऊजी? आणि मी कशासाठी उठू?"

त्याने तिच्या डोक्यावरची चटई पूर्ण काढली. रीतीप्रमाणे ती बाजूला ठेवून तिला हाताला धरून आत न्यायचं होतं. तो चटई हातात घेऊन उभा राहिला, तिच्यावरच्या डागांकडे बघत. मग त्याचे गुडघे वाकले. जड माणूस, हात टेकत टेकत तो ओल्या काँक्रीटवर तिच्यासमोर बसला, उताराच्या खालच्या बाजूला, म्हणजे तिच्यापेक्षा खाली, आणि त्याने चटई स्वतःच्या डोक्यावर ओढून घेतली.

तालिताने हात पुढे केला नाही. चटई उचलायची की नाही हे आता तिच्यावर होतं, आणि असं काही तिच्यावर आजवर कधीच आलं नव्हतं. चटईखालून खोकल्याचा आवाज आला. पाऊस वाढला होता. रस्त्याच्या पलीकडच्या घरात कोणीतरी पडदा सरकवला आणि तसाच धरून ठेवला.

मासिना दोन टॉवेल घेऊन पायरीपर्यंत आली. आधी कोणाला द्यावा ते तिला कळेना, म्हणून ती तिथेच उभी राहिली.